डबा हलवा, फवारा मारा, गळती बंद? रबर स्प्रे नेमका कुठे चालतो आणि कुठे फसवतो

होडीचा तळ कापून काढायचा, तिथे डास अडवायला दाराला लावतात तशी जाळी बसवायची, जाळीवर काळ्या स्प्रेचे थर द्यायचे आणि तीच होडी घेऊन पाण्यात उतरायचं. होडी बुडत नाही. अमेरिकन टीव्हीवर हे दृश्य लोकांनी इतक्या वेळा पाहिलंय की त्यातला माणूस, फिल स्विफ्ट, सोशल मीडियावर मीम बनून गेला. ही जाहिरात होती 'फ्लेक्स सील'ची, जो २०११ साली तिकडच्या बाजारात आला. पुढे २०१७ मध्ये याच कंपनीच्या चिकटपट्टीसाठी त्याने अख्खी होडी मधोमध कापून पुन्हा जोडली. त्याच वर्षी 'जॉनट्रॉन' या यूट्यूबरने त्या जाहिरातीची यथेच्छ खिल्ली उडवली आणि माल आणखीच प्रसिद्ध झाला.

आता तशाच प्रकारचे डबे भारतातही ऑनलाइन मिळतात. पावसाळा तोंडावर आला की रील्स सुरू होतात. गळका पाइप, फुटलेली बादली, चिरलेला स्लॅब, सगळ्यावर एकच उपाय: डबा हलवा आणि मारा. लोक मागवतात, मारतात. काहींची गळती खरंच थांबते. काहींची पहिल्या जोरदार सरीत परत सुरू होते. हा फरक नशिबाचा नाही. डब्यात काय आहे आणि पाणी कुठल्या बाजूने ढकलतंय, या दोन गोष्टी कळल्या की निकाल आधीच सांगता येतो.

डब्यात असतं तरी काय?

तीन गोष्टी. पहिली म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा पदार्थ, जो शेवटी पृष्ठभागावर उरतो. दुसरी म्हणजे त्याला पातळ ठेवणारा द्रावक. ब्रँडनुसार त्यात टोल्युइन, झायलीन, ॲसिटोन किंवा पेट्रोलियमपासून काढलेले थिनर असतात. तिसरी म्हणजे हे मिश्रण बाहेर फेकणारा दाबाखालचा वायू, बहुतेक वेळा प्रोपेन आणि ब्युटेन. म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये असतात तेच वायू.

बटण दाबलं की वायू उडून जातो. मग द्रावक हळूहळू उडतो. मागे राहतो तो रबराचा पापुद्रा. म्हणजे मारताना जाड दिसणारा थर वाळल्यावर बराच पातळ झालेला असतो. एका फवाऱ्यात काम झालं असं वाटतं ते इथेच फसतं. म्हणूनच डब्यावर 'अनेक पातळ थर द्या' असं लिहिलेलं असतं.

रबरच का? कारण जिथून पाणी शिरतं ती जागा बहुधा हलत असते. उन्हात पत्रा फुगतो, रात्री आकसतो. ट्रेलर खड्ड्यातून जाताना त्याचा सांधा न् सांधा हादरतो. सिमेंट किंवा एम-सीलसारखी कडक लांबी अशा जागी भरली तर थोड्याच दिवसांत तिच्या कडेला केसाएवढी भेग पडते. रबर त्या हालचालीबरोबर ताणलं जातं आणि परत येतं. हीच त्याची खरी ताकद. रबर लवचीक असतं, पण त्याला भार पेलता येत नाही, हे विसरायचं नाही.

मग ती जाळीची होडी का बुडली नाही?

यात जादू नाही, साधं गणित आहे. छोट्या होडीचा तळ पाण्याखाली समजा २५ सेंटिमीटर असतो. त्या खोलीवर पाणी दर चौरस सेंटिमीटरला फक्त २५ ग्रॅमच्या भाराने दाबतं. जाळीचं एकेक भोक तर मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं. इतक्या छोट्या भोकावरच्या रबराला जवळजवळ काहीच भार येत नाही. वर जाळीची तार त्याला आधार देते.

आता इमारतीचा पाइप बघा. गच्चीवरची टाकी तुमच्या नळापेक्षा १० मीटर उंच असेल, तर त्या पाइपमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोचा दाब असतो. होडीच्या ४० पट. शिवाय होडीत पाणी बाहेरून रबराला जाळीवर दाबत होतं. पाइपमध्ये ते आतून रबराला बाहेर ढकलतं. त्यामुळे वरून मारलेला पापुद्रा फुग्यासारखा फुगतो आणि सुटतो.

यातून निघणारा नियम सोपा आहे: लेप पाण्याच्या बाजूने द्यायचा, म्हणजे पाणीच त्याला दाबून धरतं. विरुद्ध बाजूने दिला तर पाणी त्याला सोलून काढतं. रील बघताना हा एक प्रश्न विचारला तरी अर्धी फसवणूक टळते.

ट्रेलरवाल्यांना याची एवढी गरज का?

अमेरिकेत सुट्टीत राहायचं घर गाडीमागे ओढून नेण्याची पद्धत जुनी आहे. या ट्रेलरना आणि मोटरहोमना मिळून तिकडे आरव्ही म्हणतात. अनेक आरव्हींच्या भिंती म्हणजे बारीक लाकडी चौकट, मधे इन्सुलेशन आणि बाहेरून पातळ ॲल्युमिनियम किंवा फायबरग्लासचा पत्रा. छतावर प्लायवूडसारख्या फळ्या आणि त्यावर रबराची चादर. त्या छताला एसीसाठी, हवेच्या झडपांसाठी, संडासाच्या टाकीच्या नळीसाठी, अँटेनासाठी भोकं पाडलेली असतात. गळती सहसा मधल्या चादरीतून होत नाही. ती या भोकांच्या कडेने आणि छत-भिंतीच्या सांध्यातून होते.

खरा धोका पाण्याच्या थेंबाचा नाही, वेळेचा आहे. पाणी एका कोपऱ्यातून शिरतं, चौकटीवरून सरपटत जातं आणि दोन मीटर लांब कुठेतरी डाग दिसतो. डाग दिसेपर्यंत आतलं लाकूड कुजायला लागलेलं असतं. फायबरग्लासची भिंत असेल तर तिचे थर सुटून बाहेरून फुगवटा दिसतो. छतावर चालताना पाय किंचित दबला, तर खालची फळी मऊ झाली असं समजायचं. अशा जागी वरून स्प्रे मारणं म्हणजे ओल आत कोंडणं. वरून काळंभोर, कोरडं दिसतं आणि आत कुजणं चालूच राहतं. वेळेत झालं असतं तर एका सांध्याच्या दुरुस्तीत भागलं असतं. उशीर झाला की अख्खी भिंत उघडावी लागते.

म्हणून आधी फट शोधायची. तिकडचे कारागीर ट्रेलरची दारं-खिडक्या लावून आत ब्लोअरने हवेचा हलका दाब तयार करतात आणि बाहेरून साबणाचं पाणी शिंपडतात. फट असेल तिथे बुडबुडे येतात. आपल्याकडचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून करतो तेच, फक्त मोठ्या आकारात.

छत कशाचं आहे हे आधी बघा

आरव्हीचं छत चार प्रकारचं असू शकतं: ईपीडीएम रबर, टीपीओ नावाचं प्लास्टिक, फायबरग्लास किंवा ॲल्युमिनियम. धातू आणि फायबरग्लासवर रबर स्प्रे बरा धरतो. ईपीडीएमवर मात्र जपून. पेट्रोलियमचे द्रावक ईपीडीएम रबराला फुगवतात. म्हणजे जे वाचवायला गेलात त्याच चादरीला सुरकुत्या आणि फोड येऊ शकतात. टीपीओवर तर बहुतेक गोष्टी चिकटायलाच नखरे करतात.

म्हणून आरव्हीचे जाणकार छतावरच्या सांध्यांसाठी वेगळा माल वापरतात. 'डायकोर'सारखं स्वतःहून पसरून सपाट होणारं सीलंट झडपांच्या कडेला ओततात. फाटलेल्या चादरीवर 'इटर्नाबाँड'सारखी जाड चिकट पट्टी लावतात. खिडकीच्या चौकटीखाली ब्युटिल टेप देतात. सिलिकॉन सहसा टाळतात, कारण त्याचा थर राहिला की पुढे त्यावर दुसरं काहीच नीट चिकटत नाही. स्प्रेसुद्धा सिलिकॉनवर टिकत नाही.

मग ट्रेलरला स्प्रे कुठे? चाकावरच्या धातूच्या कमानीच्या आतल्या बाजूला, खालच्या पत्र्याच्या सांध्यांवर, सामानाच्या कप्प्याच्या बारीक फटींवर, आणि प्रवासात अचानक गळती लागली तर घरी पोहोचेपर्यंतचा तात्पुरता उपाय म्हणून. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानं बघायला आरव्ही भाड्याने घेतली असेल, तर मात्र स्वतः काहीही मारू नये. मालकाला फोन करावा. चुकीच्या छतावरच्या स्प्रेचा खर्च गळतीपेक्षा मोठा होऊ शकतो.

ही भोकं कधीच बुजवायची नाहीत

फट दिसली की बुजव, असा उत्साह इथे महागात पडतो. काही भोकं मुद्दाम ठेवलेली असतात.

ट्रेलरच्या खिडकीखाली बारीक चिरा असतात. चौकटीत साठलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. त्या बंद केल्या की तेच पाणी आत भिंतीत जातं. आपल्या फ्लॅटमधल्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांनाही खालच्या पट्टीत, बाहेरच्या बाजूला अशीच भोकं असतात. पावसात खिडकीतून पाणी येतंय म्हणून अनेक जण बाहेरून सगळं सील करून टाकतात, आणि मग पट्टी भरून पाणी थेट पलंगावर येतं. तिथे सील करायचा असतो तो चौकट आणि भिंत यांच्यामधला सांधा. पट्टीतली भोकं उलट टाचणीने साफ करायची.

त्याहून गंभीर गोष्ट गॅसची. ट्रेलरमधला गॅसवरचा फ्रिज, हीटर, गीझर यांच्या धुरासाठी झडपा असतात. गॅस सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोकं असतात, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खालूनच बाहेर जातो. थंडी किंवा उंदीर येतात म्हणून ही भोकं बंद केली, तर आत कार्बन मोनॉक्साइड किंवा गॅस साठू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेतल्या माणसाला तो जागं व्हायची संधी देत नाही. घरातल्या गॅस गीझरच्या बाथरूमची जाळीही याच कारणाने उघडी हवी.

आपल्या घरात हा स्प्रे कुठे कामाचा?

नियम तोच: पाण्याच्या बाजूने, कमी दाबावर, कोरड्या आणि घट्ट पृष्ठभागावर, बारीक फटीला. त्यात बसणाऱ्या जागा बऱ्याच आहेत.

पन्हळीचे सांधे. पावसाचं पाणी नुसतं वाहून जातं, दाब जवळजवळ नसतो. आतून लेप दिला की चांगला टिकतो.

पत्र्याच्या छपरावरचे स्क्रू. पत्रा क्वचित गळतो, गळतो तो स्क्रूखालचा रबरी वॉशर. उन्हाने तो चिरतो आणि पाणी दांड्यावरून आत येतं. वॉशर बदलणं हा खरा उपाय. ते जमत नसेल तिथे स्क्रूच्या डोक्यावर आणि भोवती दोन-तीन थर दिले तर पावसाळा निघू शकतो.

डेझर्ट कूलरची टाकी. विदर्भात उन्हाळ्याआधी गंजलेल्या टाकीला आतून डांबर किंवा काळा रंग देण्याची पद्धत आहेच. रबर स्प्रे त्याच जातीचा उपाय आहे. गंज घासून काढायचा, पूर्ण वाळवायचं, आतून थर द्यायचे आणि वास जाईपर्यंत कूलर घरात चालवायचा नाही.

भोक मोठं असेल, म्हणजे काडी आरपार जाईल एवढं, तर नुसता स्प्रे पुरत नाही. फायबरची जाळी किंवा ब्युटिल टेप लावून त्यावर थर द्यावा लागतो. होडीत जाळी होती हे इथे आठवायचं.

आणि कुठे अजिबात नको?

छताला खालून. वरच्या फ्लॅटमधून किंवा गच्चीतून पाणी झिरपतंय आणि खोलीतून छतावर स्प्रे मारला, तर पाणी मागून ढकलतं. थोड्या दिवसांत फुगा येतो, मग पापुद्रा सुटतो, सोबत रंगही घेऊन जातो. उपाय गच्चीवर किंवा वरच्या बाथरूममध्येच करावा लागतो. मोठ्या गच्चीसाठी डबे मोजत बसण्यापेक्षा ब्रशने लावायचं पांढरं इलास्टिक कोटिंग किंवा नीट ब्रिकबॅट कोबा परवडतो. शिवाय काळा थर उन्हात छत आणखी तापवतो.

सळी दिसणाऱ्या स्लॅबवर. काँक्रीटचे तुकडे पडत असतील तर आतली सळी गंजून फुगली आहे. त्यावर काळा थर देणं म्हणजे इशारा झाकणं. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार बंधनकारक आहे, ते याच कारणाने.

दाबाचे पाइप, गॅसची नळी, पेट्रोलची टाकी, टायर, सायलेन्सरसारख्या तापणाऱ्या जागा. इथे कोणताही डबा चालत नाही. पिण्याच्या पाण्याच्या टाकीतही नको. त्या वापरासाठी खास प्रमाणित केलेला नसेल तर हा रासायनिक लेप पिण्याच्या पाण्याला लागता कामा नये. प्लास्टिकच्या टाक्या आणि बादल्या बहुधा पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीनच्या असतात. त्यांच्यावर स्प्रे नीट धरतच नाही, नखाने सोलला जातो.

मारायचा कसा?

१. साफसफाई. धूळ, शेवाळ, सुटलेला रंग, गंज, जुनं सिलिकॉन काढा. दहापैकी नऊ वेळा स्प्रे सुटत नाही, त्याच्याखालची धूळ सुटते असं समजून घासा.

२. कोरडं करा. मुसळधार पावसात भिजलेल्या भिंतीवर मारण्यात अर्थ नाही. मे महिन्यात करायचं काम जुलैवर ढकलू नका.

३. आजूबाजूला कागद आणि मास्किंग टेप लावा. वाऱ्याने उडालेला काळा फवारा शेजाऱ्याच्या गाडीवरून निघत नाही.

४. डबा मिनिटभर जोरात हलवा. २० ते ३० सेंटिमीटरवरून, हात सतत हलता ठेवून पातळ थर द्या. फटीच्या कडेपासून दोन्ही बाजूंना काही सेंटिमीटर जास्त घ्या.

५. थर वाळू द्या, मग दुसरा द्या, मग तिसरा. प्रत्येक थर आधीच्याला आडवा मारला तर सुटलेल्या बारीक जागा भरतात.

६. पूर्ण मुरायला साधारण २४ ते ४८ तास लागतात. दमट हवेत त्याहून जास्त. हाताला कोरडं लागलं म्हणजे आतून झालं असं नाही.

७. काम संपलं की डबा उलटा करून फक्त वायू येईपर्यंत बटण दाबा. नाहीतर तोंड बुजून उरलेला डबा वाया जातो.

शेवटी पाणी ओतून तपासा. आणि तारीख लिहून ठेवा. उन्हातला थर कायमचा नसतो. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, एक नजर टाकली की पुरते.

आग, वास आणि पत्र्यावरून पडणं

एकेकाळी अशा डब्यांत सीएफसी वायू असायचे. ते पेट घेत नसत. पण ते ओझोनचा थर खातात हे कळल्यावर अमेरिकेने १९७८ साली बहुतेक स्प्रे डब्यांतून ते हद्दपार केले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर इतर देशही त्याच वाटेने गेले. त्यांची जागा बऱ्याच ठिकाणी प्रोपेन-ब्युटेनने घेतली. ओझोन वाचला, पण डबा ज्वालाग्राही झाला.

म्हणून बंद खोलीत, देवघरात निरांजन तेवत असताना, शेगडीजवळ किंवा गॅस गीझर चालू असलेल्या बाथरूमशेजारी हा स्प्रे मारायचा नाही. ही वाफ जड असते, जमिनीलगत साठते आणि लांबच्या ज्योतीपर्यंत सरपटत जाते. ट्रेलरमध्ये आधी सिलिंडर बंद, मग फ्रिज-हीटरच्या ज्योती बंद, मग दारं-खिडक्या उघड्या. द्रावकांच्या वाफेने डोकं दुखतं, चक्कर येते. साधा कापडी मास्क ती अडवत नाही. डबा ५० अंशांपुढे तापू द्यायचा नाही. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवणं म्हणजे फटाका ठेवण्यासारखंच.

आपल्याकडे आणखी दोन धोके आहेत. जुने सिमेंटचे पत्रे अनेकदा ॲसबेस्टॉसचे असतात. ते कोरडे खरवडले किंवा तारेच्या ब्रशने घासले की त्याचे सूक्ष्म तंतू हवेत उडतात आणि ते फुप्फुसात गेले तर वर्षांनंतर कर्करोग होऊ शकतो. अशा पत्र्यांना घासकाम नकोच. दुसरं, हे पत्रे माणसाचं वजन पेलत नाहीत. दरवर्षी पावसाआधी छपरावर चढून पत्रा फुटून पडल्याच्या बातम्या येतात. फळी टाकून, दोर बांधून, खाली कुणीतरी उभं असतानाच चढायचं. नाहीतर त्या कामाची सवय असलेला माणूस बोलवायचा.

रीलमधला माल वेगळाच असू शकतो

लेप दिलेलं कलिंगड उंचावरून टाकलं तरी फुटत नाही, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. तो 'लाइन-एक्स'सारख्या कोटिंगचा कमाल. ते पॉलियुरिया जातीचं असतं. दोन रसायनं यंत्रात गरम करून, प्रचंड दाबाने एकत्र फवारली जातात आणि काही सेकंदांत घट्ट होतात. त्याला यंत्र लागतं, प्रशिक्षित माणूस लागतो. हातातल्या डब्यातून ते मिळत नाही. रीलमध्ये एक दाखवायचं आणि लिंकमध्ये दुसरं विकायचं, हा खेळ जुना आहे.

डबा मागवण्याआधी तीन प्रश्न पुरेसे आहेत. पाणी लेपाला दाबतंय की सोलतंय? पृष्ठभाग काय आहे आणि तो कोरडा होऊ शकतो का? आणि हे भोक मुद्दाम ठेवलेलं तर नाही? तिन्ही उत्तरं बरोबर आली तर काही मिनिटांच्या कामात पन्हळ, पत्रा किंवा कूलर नक्की वाचतो. एकही चुकलं तर ते पैसे प्लंबर, गवंडी किंवा इंजिनिअरसाठी राखून ठेवावेत, कारण गळती झाकली गेली तरी पाणी आपली वाट शोधत राहतं.